हसल्याशिवाय 'कट' नाही

मुकुंदराव गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मला एका वर्तमानपत्रातून फोन आला. मुलगा तरुण असावा, आवाज घाईचा. "मॅडम, दोनच गोष्टी हव्यात. एक फोटो, आणि ते नक्की कोणत्या टाइपचे डायरेक्टर होते ते एका ओळीत."

फोटो माझ्याकडे नव्हता. कोणाकडेच नव्हता. सगळा जन्म कॅमेऱ्यामागे काढलेला माणूस; कोणी मोबाइल उचलला की म्हणायचे, "अहो, मी काय नटी आहे का?" आणि एका ओळीत काय सांगणार? यंत्रमानव, हाणामाऱ्या, खून असं सगळं त्यांनी केलं, आणि पुष्कळदा एकाच सिनेमात केलं. मी म्हटलं, "लिहा, कसबा पेठेतले होते." त्याने ते छापलं नाही. म्हणून आता मीच लिहायला बसले आहे.

सिनेमाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. नटाने मरणाचा शॉट दिला, किंवा त्याच्या फोटोला हार घातलेला दाखवला, की लगेच त्याने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. खोटं मरण खोटंच राहावं म्हणून. बाकीचे लोक हे उरकून टाकतात, कोणी विसरतातही. मुकुंदरावांच्या सेटवर ते विसरणं शक्यच नव्हतं, कारण मेलेला नट हसल्याशिवाय ते 'कट' म्हणायचेच नाहीत. कॅमेरा चालू, सगळे गप्प, आणि त्यांचा तो बसका आवाज, "उठा. हसा." मग जमिनीवरचं प्रेत डोळे उघडायचं, बहुतेक वेळा आधी शिंकायचं, आणि हसायचं.

"कट. चहा."

मी एकदा विचारलं होतं, "सर, तुम्ही विज्ञानपट करता, आणि हे असलं मानता?"

"विज्ञान विज्ञानाच्या जागी, ग्रॅज्युएट. माणूस परत घरी जेवायला गेला पाहिजे."

ग्रॅज्युएट हे माझं नाव. ते त्यांनी पहिल्याच दिवशी ठेवलं. माझे आईवडील वाशीमकडून बांधकामावर म्हणून पुण्यात आले आणि येरवड्यात राहिले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. नंतर संकलनाचा एक छोटा कोर्स केला आणि लग्नाच्या कॅसेटी कापून कंटाळले तेव्हा कोणीतरी मुकुंदरावांचा पत्ता दिला. तांबट आळीत भांड्यांच्या दुकानावर त्यांची खोली होती. खाली दिवसभर तांब्यावर ठोके पडत असायचे आणि वर हा माणूस संवादांचं ध्वनिमुद्रण करायचा. ठोके थांबले की वाक्य म्हणून घ्यायचं, सुरू झाले की थांबायचं. त्यांच्या सिनेमातली माणसं मध्येच विनाकारण गप्प होतात आणि मग भराभरा बोलतात, ते ह्याच्यामुळे. एका समीक्षकाने त्याला शैली म्हटलं होतं. मुकुंदरावांनी ते कात्रण खालच्या दुकानदाराला नेऊन दिलं.

"काय शिकलात?" त्यांनी मला विचारलं.

"बी. कॉम. फर्स्ट क्लास. घरातली पहिली."

"घरातली पहिली. म्हणजे आता तुमच्यामुळे बाकीचे अडाणी ठरले."

मला राग आला. "नाही सर. माझ्यामुळे ते ग्रॅज्युएटचे आईवडील ठरले."

चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "या उद्यापासून. इथे ज्याचा चहा त्याने करायचा."

घरी आई म्हणाली, "सिनेमावाल्याजवळ? मंग डिग्री कायले घेतली?" तिला उत्तर द्यायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

दिसायला ते पोस्टातले वाटायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात चपला. एकच गोष्ट वेगळी होती, उजव्या मनगटातलं तांब्याचं जाड कडं. त्यांच्या वडिलांनी स्वतः ठोकून घडवलेलं. शॉट सुरू करायच्या आधी ते हे कडं कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायावर आपटायचे. ठण्ण. तोच त्यांचा क्लॅप. घराण्याचा धंदा सोडून ह्या नादाला लागले म्हणून वडील शेवटपर्यंत नाराज होते. त्याबद्दल मुकुंदराव एवढंच म्हणायचे, "बापाने भांडी ठोकली, मी माणसं ठोकतो. खाली आवाज तोच येतो."

पण धंदा त्यांनी सोडला तरी तांब्याने त्यांना सोडलं नाही. 'तांब्याचा पाहुणा' हा त्यांचा पहिला विज्ञानपट. यंत्रमानव तयार करायला पैसे कुठले? आळीतली मोडकी भांडी गोळा केली. डोकं म्हणजे कळशी, हात म्हणजे पाइप, आणि पोट म्हणजे त्यांच्या काकूंचा पाणी तापवायचा बंब. चित्रीकरण लांबलं आणि दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी काकू सेटवर हजर. "मुकुंदा, तुझा राक्षस असू दे राक्षसाच्या घरी. माझ्या घरच्यांनी काय गार पाण्याने अंघोळ करायची?" आणि त्यांनी यंत्रमानवाचं पोट काढून नेलं. मुकुंदरावांनी उरलेल्या वेळात नवीन प्रसंग लिहिला: खलनायक बंदूक काढतो आणि यंत्रमानवाच्या पोटाला आरपार भोक पाडतो. अर्ध्यापर्यंत विज्ञानपट असलेला तो सिनेमा तिथून मारधाडपट झाला, आणि जत्रेतल्या तंबूंमध्ये चालला तो त्या भोकामुळेच.

बंदूक काढणारा तो खलनायक म्हणजे बबनराव.

मुकुंदरावांबद्दल लिहायचं तर बबनरावांना टाळून लिहिता येणार नाही. खडकीला कारखान्यात नोकरी, क्वार्टर्समध्ये संसार, तालमीत कमावलेलं शरीर आणि त्या शरीराला अजिबात न शोभणारा मऊ आवाज. मुकुंदरावांच्या प्रत्येक सिनेमात ते खलनायक होते आणि प्रत्येक सिनेमात ते मरायचे. मुळेच्या पात्रात बुडून मेले, गोदामाच्या छपरावरून पडून मेले, परग्रहावरच्या किरणांनी वितळून मेले. मरायचं कसब त्यांच्याइतकं मी कोणाचं पाहिलं नाही. सकाळी सेटवर आले की पहिला प्रश्न, "डायरेक्टर, आज कुठं मरायचं हाय?"

"त्या चिखलात, बबनराव."

"चिखलात? कालच धुतलीय ही प्यांट."

"वहिनींना माझं नाव सांगा."

"तिला तुमचंच नाव म्हाईत हाय. घरी गेलो की ती इचारती, आज कसा मेलास? मी म्हणतो, चिखलात मेलो, च्या टाक."

पडलेल्या ह्या अवजड माणसाला उठवायचं काम मुकुंदराव कोणावर सोपवत नसत. "उठा, हसा" म्हणताना ते स्वतःच पुढे जायचे आणि हात द्यायचे. बबनराव तो हात धरून उठायचे, चिखल, खोटं रक्त, काय असेल ते त्या पांढऱ्या शर्टाला पुसायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचे. हा हसण्याचा तुकडा कुठल्याच सिनेमात जायचा नाही. पण मुकुंदरावांनी एकही फेकला नाही. एका पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्या टेपा होत्या आणि मी आल्यावर त्या संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं.

'चौथा दरवाजा' हा त्यांचा गुन्हेपट आमच्या येरवड्यात, तुरुंगाच्या भिंतीपासून लांबवर, रस्त्यावर चित्रित झाला. बबनराव कैद्याच्या कपड्यांत धावत होते. पहिल्याच वेळी एक हवालदार सायकल टाकून त्यांच्या मागे पळाला आणि त्यांना पकडून मुकुंदरावांपुढे उभं केलं. "हा कैदी कोणाचा?"

"माझा," मुकुंदराव म्हणाले. "जेवणाच्या वेळेपर्यंत परत करतो. आपण जरा उन्हातून बाजूला होता का? सावली पडते आहे."

हवालदार बाजूला झाला, आणि मग दुपारपर्यंत तिथेच उभा राहून बबनरावांना मरताना बघत राहिला. जाताना म्हणाला, "चांगला मरतो हो. ह्याला एकदा तरी पळून जाऊ द्या की."

बबनरावांनी ते धरून ठेवलं. त्या दिवसापासून प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीला ते विचारायचे, "डायरेक्टर, ह्यात तरी जगतोय का मी? हवालदाराला सुद्धा वाईट वाटलं, तुमाला वाटंना."

"गुन्हेगार जगला तर तो गुन्हेपट होत नाही, बातमी होते. पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी त्यांना पुन्हा मारायचे. असं अनेक वर्षं चाललं. मधल्या काळात तंबू गेले, सीडीची दुकानं गेली, मुकुंदरावांचे सिनेमे कोणी विकत घेईना. बबनराव कारखान्यातून निवृत्त झाले. मी बाहेर इतर कामं करू लागले, तरी आठवड्यातून एकदा तांबट आळीत जायचे. दोघं तिथे बसलेले असायचे, खालचे ठोके ऐकत. ठोकेही कमी झाले होते.

मग एक दिवस बबनरावांच्या फुप्फुसाचा आजार समजला. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. त्याच आठवड्यात मुकुंदरावांनी मला बोलावलं. टेबलावर नवीन कथा होती: 'बाराशे वर्षांनी'. कसब्यातला एक माणूस तांब्याच्या पेटीत झोपतो आणि बाराशे वर्षांनी उठतो. पुणं रिकामं झालेलं असतं. तो घाट, पेठा, पूल हिंडत राहतो, आणखी एखादा माणूस सापडतो का ते बघत. शेवटी नदीपलीकडून त्याला कोणाची तरी हाक येते, तो वळतो आणि हसतो.

"कोण करणार?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं.

"बबनराव. आणि ह्यात तो जगतो." ते चष्मा पुसत होते. "त्याला घाईने जगवायला पाहिजे, ग्रॅज्युएट."

पैसे लावायला एक गृहस्थ तयार झाले. चित्रीकरण सुरू झालं. बबनराव निम्मे उरले होते, कपडे अंगावर लटकायचे. पण त्या महिन्यात मी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं कधी नव्हतं. भेटेल त्याला सांगायचे, "हिरो हाय मी. मरत न्हाय ह्यात."

सुरुवातीचा पेटीतला शॉट आम्ही घेतला तो खाली दुकानातच. आळीतल्या लोकांनी पेटी ठोकून दिली होती. बबनराव आत झोपले, डोळे मिटले. खोकला येऊ नये म्हणून श्वास अडवून धरलेला. ठण्ण. शॉट झाला. मुकुंदराव म्हणाले, "उठा. हसा."

पेटीतून आवाज आला, "आता कशाला? मेलो न्हाय मी, झोपलोय."

"डोळे मिटून पेटीत पडलात ना. कॅमेऱ्याला काय कळतं? हसा म्हटलं की हसा."

बबनरावांनी उठायचा प्रयत्न केला. जमेना. नेहमीसारखे मुकुंदराव पुढे गेले, हात दिला, आणि ह्या वेळी हात देऊन तो नुसता धरून उभे राहिले, बबनरावांना जेवढा वेळ लागला तेवढा. मग बबनराव बसते झाले आणि हसले. "कट," मुकुंदराव म्हणाले. चहाचं नाव काढलं नाही.

नदीवरचा शेवटचा शॉट राहिला होता. त्यांना धुकं हवं होतं, म्हणून तो थंडी पडेपर्यंत मागे ठेवला होता. थंडी पडली तेव्हा बबनराव हॉस्पिटलमध्ये होते. तिथून ते परत आले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं खडकीला त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. बबनराव कोटात, रुबाबदार, मिशी जरा जास्तच काळी. मुकुंदराव दारातच थबकले. तो फोटो आमचाच होता. 'मुळाकाठचा मारेकरी' नावाच्या गुन्हेपटात टोळीचा म्होरक्या मेल्यावर त्याच्या फोटोला हार घालतात, तो फोटो. मिशी मेकअपवाल्याने रंगवलेली, कोट भाड्याचा.

वहिनींच्या ते लक्षात आलं असावं. "दुसरा बरा फोटोच न्हवता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यात निदान कोट तरी हाय."

मुकुंदराव फोटोपाशी गेले. "ह्याचा हसलेला शॉट आहे माझ्याकडे," ते म्हणाले.

"हसलेला? ह्यांचा? घरी तर कधी दात दिसले न्हाईत. फोटो काढायचं म्हटलं की दगड व्हायचे."

 

आता प्रश्न सिनेमाचा होता. पैसे लावणारे गृहस्थ वाईट नव्हते, व्यवहारी होते. ते म्हणाले, "शेवटचा शॉट नाही तर नाही. तो माणूस मेला असं दाखवा. एक फोटो, हार, मागे हळू संगीत. आता तर लोक खरंच रडतील. तुमच्याकडे फोटो आहेच म्हणे."

मला वाटलं मुकुंदराव काहीतरी टोचून बोलतील. ते त्यांना जमायचं. पण ते नुसते म्हणाले, "नाही हो. मी त्याला शब्द दिला आहे."

"अहो, पण तो माणूस आता..."

"तो गेला. शब्द आहे."

गृहस्थ उठून गेले. सिनेमा अडकला. महिनाभर मुकुंदरावांनी खोलीचं दार उघडलं नाही, खालचा दुकानदार डबा पोचवायचा. एका दुपारी त्यांचा मला फोन आला, "ये. ट्रंक काढ."

मग आम्ही बसलो. पुढचे कित्येक दिवस, दुपारी, मी बाहेरचं काम आटोपून जायचे. योजना अशी होती: हिंडून हिंडून दमलेला तो माणूस शेवटी परत आपल्या पेटीपाशी येतो. हे चित्रित झालेलं होतं. तो पुन्हा आत झोपतो. आणि मग तो उठतो. चिखलातून उठतो, नदीतून उठतो, येरवड्याच्या रस्त्यावरून कैद्याच्या कपड्यांत उठतो, यंत्रमानवाच्या पायाशी उठतो. तरुण असतो, मिशीवाला असतो, पोट सुटलेला असतो, केस पिकलेला असतो. प्रत्येक ठिकाणी उठतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. इतकी वर्षं कोणी न पाहिलेलं ते सगळं हसणं एकापाठोपाठ.

एक अडचण होती. प्रत्येक तुकड्यात डाव्या कडेने एक हात आत यायचा. पांढरी अर्धी बाही, तांब्याचं कडं.

"हात काप," मुकुंदराव म्हणाले.

"सर, राहू दे ना. चांगला दिसतो."

"पुणं रिकामं आहे ना? मग हात कोणाचा? प्रेक्षक मूर्ख नाही. काप."

मी कापला. हात आत येण्याआधी तोडायचं, किंवा तो बाहेर गेल्यावर जोडायचं. तरुण बबनरावांच्या बाबतीत ते जमलं. हात मिळेपर्यंत ते निम्मे उठलेलेच असायचे. शेवटी तो तांब्याच्या पेटीतला तुकडा आला, दुकानातला. तो मी पुढून लावला, मागून लावला. जमेना. पडल्यापासून बसेपर्यंत त्या माणसाचा सगळा भार त्या हातावरच होता. हात काढला की बबनरावच उठत नव्हते.

"नाही कापता येत, सर."

"काढ परत."

परत लावलं. पेटी, मिटलेले डोळे, कडेने आलेला हात, थांबलेला हात, मग हळूहळू वर येणारं ते वाळलेलं शरीर, आणि हसू. खाली कोणीतरी भांडं ठोकत होतं. ते थांबलं. मुकुंदराव पुढे वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेले होते.

"कोणाचा हात आहे म्हणून विचारतील," मी हळूच म्हटलं.

"विचारू दे." त्यांनी चष्मा काढला. "कोणीतरी आहे म्हणायचं बाराशे वर्षांनी. राहू दे."

सिनेमा कुठल्या थिएटरला लागला नाही. पैसे लावणाऱ्यांनी हक्क सोडले, तेवढं मात्र भलेपणाने केलं. खडकीच्या क्वार्टर्समधल्या हॉलमध्ये एका रविवारी दुपारी आम्ही पडदा लावला. कारखान्यातली निवृत्त माणसं, शेजारणी, आळीतले तांबट आले. मी आईला घेऊन गेले होते. वहिनी पहिल्या रांगेत. मुकुंदराव कडेच्या खुर्चीवर, भिंतीलगत, नेहमीसारखे कोणाच्या नजरेत येणार नाहीत असे. प्रोजेक्टर माझ्याकडे होता, त्यामुळे मला ते दिसत होते.

शेवट आला. पडद्यावर बबनराव उठू लागले, चिखलातून, नदीतून, एकेक. सुरुवातीला लोक हसले, मग हसायचे थांबले. वहिनी शेजारणीला म्हणाल्या, आवाज अगदी साधा, "बघ की, येवढे दात होते ह्यांना." आई माझ्या कानाशी म्हणाली, "हे तू जोडलं?" मी मान हलवली. डिग्री कायले घेतली हे तिने परत कधी विचारलं नाही.

मग पेटी आली. मी पडद्याकडे बघितलं नाही, तो तुकडा मला पाठ होता. मी मुकुंदरावांकडे बघत होते. पडद्यावरच्या बबनरावांना उठता येत नव्हतं, हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं, आणि भिंतीलगतच्या त्या खुर्चीवर मुकुंदरावांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून वर आला होता. पुढे झाला होता. तळवा उघडा. अंधारात कड्यावर पडद्याचा उजेड पडला होता. त्यांना स्वतःला ते ठाऊक नसावं. बबनराव हसेपर्यंत तो हात तसाच होता.

त्यानंतर त्यांनी चित्रीकरण केलं नाही, आणि पावसाळा संपायच्या आत तेही गेले.

वर्तमानपत्राच्या त्या मुलाने फोटोसाठी पुन्हा फोन केला होता. "मॅडम, काहीच नाही का? जुना, धूसर, कसलाही चालेल."

मी म्हटलं, "एक आहे. पण त्यात फक्त हात आहे."

"मग राहू द्या," तो म्हणाला.